मुकम्मल पाकीझा

आमचे खालूजान रेल्वेत गार्ड होते. मिरजेच्या त्यांच्या घरात तीनेकशे रेकॉर्ड्स होत्या. पगार झाला की घरखर्चाचे पैसे खालाजानच्या हातात द्यायचे आणि उरलेल्यातून मुंबईची एक फेरी मारून चोरबाजार धुंडाळायचा, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी विचारायचे, "पाकीझा सुनेंगे?" पाहुणा हो म्हणाला की लगेच दुसरा प्रश्न, "कौनसा? आधा के पूरा?"

तेव्हा मला या प्रश्नाची गंमत वाटायची. पुढे याच प्रश्नावरून आमचे बोलणे बंद झाले.

'पाकीझा'ची हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. कमाल अमरोहींनी हा चित्रपट १९५०च्या दशकात हाती घेतला आणि तो मुंबईत मराठा मंदिरला लागला ४ फेब्रुवारी १९७२ रोजी. मधल्या काळात कृष्णधवल चित्रपट रंगीत झाला, नवराबायको वेगळी झाली आणि १७ मार्च १९६८ला संगीतकार गुलाम मोहम्मद अल्लाला प्यारे झाले. ते मूळचे बिकानेरकडचे. तबला-ढोलकीवर बसणारा हात, आणि कित्येक वर्षे नौशादसाहेबांचे सहायक. 'मिर्झा गालिब'चे (१९५४) संगीत त्यांचेच. 'पाकीझा'चे उरलेले काम, म्हणजे पार्श्वसंगीत, मग नौशादनी पुरे केले. राजकुमारी, परवीन सुलताना, वाणी जयराम यांच्या आवाजातले जे छोटे तुकडे कोठ्याच्या प्रसंगांमागून ऐकू येतात ते नौशादचे. गुलाम मोहम्मद यांची सहा गाणी चित्रपटात आली. त्यांनी केलेली आणखी नऊ गाणी वगळली गेली. ती १९७७ साली एचएमव्हीने 'पाकीझा रंग बरंग' नावाच्या वेगळ्या एलपीवर काढली. त्यात लता आहे, रफी आहे, शमशाद बेगम आणि सुमन कल्याणपूर आहेत.

खालूजानच्या हिशेबात सहा गाणी म्हणजे 'आधा'. सहा अधिक नऊ, अधिक नौशादचे तुकडे, अधिक त्या प्रसिद्ध गाण्याच्या शेवटी येणारी आगगाडीची शिट्टी, एवढे सगळे मिळून 'पूरा'. शिट्टीबद्दल ते फार हळवे होते. "वो भी म्युझिकच है," असे म्हणायचे. गार्डाच्या नोकरीत जन्म गेलेल्या माणसाशी यावर कोण वाद घालणार?

रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे तीन-चार शौकीन जमत आणि हा वाद रंगत असे. हा वाद जगभरचे रेकॉर्ड जमवणारे घालतात. 'जॉज'चे (१९७५) उदाहरण घ्या. जॉन विल्यम्स यांनी चित्रपटासाठी एक ध्वनिमुद्रण केले आणि रेकॉर्डसाठी तेच संगीत घरी बसून ऐकायला सुसंगत वाटेल असे बेतून पुन्हा वाजवून घेतले. पंचवीस वर्षे लोकांनी ती रेकॉर्ड ऐकली. मग २००० साली चित्रपटातले मूळ संगीत सीडीवर आले, आणि २०१५ साली इंट्राडा या कंपनीने दोन्ही एकाच संचात दिली. तिथेही दोन तट आहेत. एक म्हणतो, जे वाजवले गेले ते सेकंद न् सेकंद मिळालेच पाहिजे. दुसरा म्हणतो, संगीतकाराने निवडून, क्रम लावून जी रेकॉर्ड केली तीच खरी; बाकीचे कारखान्याच्या जमिनीवर पडलेले भुस्कट.

आमच्या मैफिलीत हा दुसरा पक्ष सतारमेकर गल्लीतले एक कारागीर मांडत. फार कमी बोलणारे गृहस्थ. एकदा म्हणाले, "भोपळा कापल्याशिवाय सतार होत नाही. कापलेला तुकडा कोणी मागायला येत नाही." खालूजान क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "और वो टुकडाच गाने लगा तो?"

माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म या उत्तरात आहे. भोपळ्याचा तुकडा गात नाही. 'रंग बरंग'मधली गाणी गातात. ती चित्रपटात आली नाहीत याचा अर्थ ती वाईट होती असा होत नाही. चित्रपट दोन-अडीच तासांचा, त्याची कथा, त्याची गती. एका तवायफेच्या गोष्टीत पंधरा गाणी कोंबली असती तर प्रेक्षक उठून गेला असता. अमरोहींनी नऊ गाणी काढली ती दिग्दर्शकाची गरज म्हणून, एवढे मी समजू शकतो. पण मग ती गाणी कोणाची? ज्याने केली त्याने तर ती फेकली नव्हती. एखाद्या शायराने स्वतः फाडलेला कागद त्याच्या मागे जोडून छापणे ही मला बेअदबी वाटते. इथे कागद फाडणारा हात दुसऱ्याचा होता.

अलेक्स नॉर्थची गोष्ट याहून कडू आहे. त्यांनी '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी (१९६८) संगीत लिहिले, वादकांकडून वाजवून घेतले. कुब्रिकने ते पूर्ण बाजूला ठेवून जुन्या अभिजात रचना वापरल्या, आणि नॉर्थना हे कळले न्यूयॉर्कच्या पडद्यासमोर बसल्यावर. १९९१मध्ये ते गेले. १९९३ साली त्यांचे मित्र जेरी गोल्डस्मिथ यांनी ते संगीत नव्याने वाजवून रेकॉर्ड केले आणि २००७मध्ये १९६८चे मूळ ध्वनिमुद्रणही बाहेर आले. ते ऐकताना चित्रपट अपुरा होता असे कोणी म्हणत नाही. पण एका माणसाचे काम अपुरे राहिले होते, ते पोहोचले.

म्हणजे पूर्णता एक नाही. चित्रपटाची पूर्णता वेगळी, संगीतकाराची वेगळी. जमवणाऱ्याची तिसरीच, आणि तिच्याबद्दल मला जरा शंका आहे. खालूजान 'रंग बरंग' कुणाला घरी न्यायला देत नसत. एकदा माझ्या मामेबहिणीच्या लग्नात मागितली तर दिली नाही, वर म्हणाले, "लेके क्या करोगे, तुम्हारे पास तो आधाच है." पुरे या शब्दाचा दुसरा अर्थ बस्स झाले असाही आहे, जमवणाऱ्याला तो दुसरा अर्थ कधी सापडत नाही. अर्थात, जमवणारे नसते तर कितीतरी गाणी केव्हाच मातीत गेली असती. कॅसेटच्या जमान्यात जुन्या गाण्यांवर झंकार बीट्स चढवून विकत होते तेव्हा मूळ चाल कशी होती हे याच हट्टी माणसांच्या कपाटात शाबूत होते.

आता आमच्या भांडणाकडे येतो. २००५च्या सुमारास मी संगणक घेतला. खालूजान एक वही घेऊन आले. त्यांना एक सीडी करून हवी होती, 'मुकम्मल पाकीझा'. गाणी नुसती ओळीने नको होती. चित्रपटाच्या क्रमाने, त्यात ती नऊ गाणी आपापल्या जागी बसवून. कोणते गाणे कोणत्या प्रसंगात यायला हवे होते हे त्यांनी स्वतः ठरवले होते. रेकॉर्डवरून आणि डीव्हीडीवरून तुकडे उचलून मी ते जोडायचे होते.

मी नाही म्हणालो. कारण सांगितले की गाणी ऐकणे वेगळे आणि अमरोहींच्या चित्रपटात आपण ती घुसवणे वेगळे. १९७७ची एलपी वेगळ्या नावाने निघाली यात शहाणपण होते. ती म्हणते, ही गाणी होती. तुमची सीडी म्हणेल, चित्रपट असाच होता. हे खरे नाही.

खालूजान भडकले. "तेरेकू कमाल अमरोही की फिकर है. जो मर गया उसकी किसकू फिकर है?" त्यांनी मला प्राणची आठवण करून दिली. १९७२च्या चित्रपटांसाठी फिल्मफेअरने संगीताचे पारितोषिक 'बेइमान'ला दिले तेव्हा प्राणने त्याच चित्रपटासाठी मिळालेले स्वतःचे पारितोषिक नाकारले. ते गुलाम मोहम्मद यांना मिळायला हवे होते, एवढेच कारण. "एक एक्टर को समझा, तेरेकू नहीं समझता."

मी म्हणालो, ज्या अमरोहींनी नऊ काढली त्यांनीच सहा राखली. इतकी वर्षे लोटली, लोकांची आवड बदलली, नवा संगीतकार घ्या असा सल्ला त्यांना मिळत होता. त्यांनी मेलेल्या माणसाच्या चाली बदलल्या नाहीत. वफा हीसुद्धा असते.

त्यांनी वही उचलली आणि गेले. पुढे ईदला भेट व्हायची, गळाभेटही व्हायची, पण पाकीझाचा विषय त्यांनी माझ्यापुढे पुन्हा काढला नाही. माझे म्हणणे आजही तेच आहे. फक्त ते ज्या सुरात मी त्यांना सांगितले तो सूर मला आवडत नाही. ज्या माणसाने एका विसरलेल्या संगीतकारासाठी आयुष्यभर पदरमोड केली त्याला मी खरेखोटे शिकवायला निघालो होतो. एक सीडी, एका म्हाताऱ्यासाठी, एका खोलीत वाजणारी. ती बाजारात जाणार नव्हती.

त्यांच्या माघारी खालाजानने रेकॉर्ड्स नातीला दिल्या. ती त्या वाजवत नाही, मोबाइलवर ऐकते, आणि तिथे दोन्ही 'पाकीझा' तिच्या एकाच यादीत मागेपुढे येतात. वही मात्र माझ्याकडे आली. त्यात नऊ गाण्यांपुढे पेन्सिलीने प्रसंग लिहिले आहेत, काही खोडून पुन्हा लिहिलेले. आठ गाण्यांना जागा सापडली आहे. नवव्यापुढे नुसते प्रश्नचिन्ह आहे. गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर झोप येईना म्हणून मी चित्रपट लावला आणि वही मांडीवर घेऊन बसलो. सहेरीची वेळ झाली तरी मलाही त्याची जागा सापडली नव्हती.