मर्यादा आधी, घर नंतर

बेताच्या पैशात घर घेणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न दादर की विरार हा नसतो. पुरेसं किती आणि ते ठरवणार कोण, हा असतो. जैन परंपरा गृहस्थाला घर सोडायला सांगत नाही. परिग्रह-परिमाण या अणुव्रतात, म्हणजे गृहस्थाच्या सौम्य व्रतात, जमीन, घर, सोनं, धान्य यांची मर्यादा त्याने स्वतः आखायची असते, आणि ती ओलांडणं ‘तत्त्वार्थसूत्र’ हा जैन ग्रंथ अतिचारांत, म्हणजे व्रताच्या दोषांत, मोजतो. इथे मर्यादा मोह पडण्याआधीच ठरते, हे मला फार मोलाचं वाटतं. आज ती बँक ठरवते. 50 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे 43,400 रुपये आणि एकूण फेड 1 कोटी 4 लाख. कर्ज फिटेल का, एवढंच बँक पाहते. नोकरी सोडण्याची मोकळीक किंवा म्हाताऱ्या आईवडिलांना द्यायचा वेळ तिच्या हिशोबात नसतो. मर्यादा वेळेचीही हवी, कारण घर विरारला आणि नोकरी चर्चगेटला असेल, तर 60 किलोमीटर रोज दोनदा कापावे लागतात.

ज्याच्याकडे मुळातच कमी आहे त्याला संयम शिकवणं क्रूर नाही का? आक्षेप रास्त आहे. शहरातली टंचाई त्याने निर्माण केलेली नाही, आणि हे व्रत रिकामे फ्लॅट कुलूपबंद ठेवणाऱ्यालाच आधी लागू पडतं. दुसरा आक्षेप असा, की भाव वाढतात, म्हणून मोठ्या कर्जाचा ताण सोसावा. पण राहत्या घराचा वाढलेला भाव विकल्याशिवाय हाती येत नाही, आणि तोवर त्याच भागातलं दुसरं घरही तितकंच महागलेलं असतं.