ताजशेजारची इमारत

जी वस्तू सुंदर आहे आणि जुनीही आहे, ती जपावी याविषयी आपणां कोणाचे भांडण नाही. भांडण होते ते मधल्या वयाच्या वस्तूंवरून. मुंबईत याचे ठळक उदाहरण म्हणजे गेटवेसमोरच्या ताजमहाल हॉटेलला लागून १९७३ साली उभा राहिलेला मनोरा. वीसाहून अधिक मजले, माथ्याशी कमानींची रांग, आणि शेजारी १९०३ सालचा तो घुमट! दोघांकडे एका नजरेत पाहणाऱ्याने काय म्हणावे?

आमच्या वर्सोव्याच्या शाळेची सहल तिकडे जाते तेव्हा मुले कट्ट्यावर बसून चित्रे काढतात. चाळीस मुलांपैकी चार-दोनच मनोरा काढतात. बाकीची घुमटावरच कागद संपवतात. चित्रकलेच्या बाईंना यात मुलांची उपजत रसिकता दिसते. त्यांच्या मते नऊवारीतल्या आजीशेजारी कोणी सफारी घालून उभे राहावे तसा तो मनोरा दिसतो, आणि शक्य असते तर तो उतरवायलाच हवा. आमचे एक निवृत्त सहकारी यावर चिडतात. तरुणपणी शनिवारी संध्याकाळी ते केवळ तो मनोरा पाहायला चर्चगेटहून चालत जात. आपल्या देशातही एवढे उंच, एवढे नव्या धर्तीचे काही होऊ शकते याचा त्यांना तेव्हा कोण अभिमान! आमच्या शेजारच्या कोळीणमावशींचे मत सर्वांत थोडक्यात आहे: दोन्ही दारांवर दरवान उभा, मग आपल्याला काय फरक?

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. वास्तुशास्त्रातले मला काही कळत नाही. पण डोळे आहेत, आणि त्या डोळ्यांना मनोरा सुंदर वाटत नाही. तरीही तो पाडा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मला बसवत नाही.

एक तर ज्या मूळ दृश्यासाठी आपण हळहळतो ते मूळ कोणते? ताज उघडले तेव्हा गेटवे नव्हतेच. ते १९२४ साली पुरे झाले. मनोऱ्याच्या जागी ग्रीन्स नावाचे दुसरे हॉटेल होते. खुद्द ताजचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य यांचा. काम अर्धवट असतानाच ते वारले आणि चेंबर्स नावाच्या इंग्रजाने ते तडीस नेले. (मुलांना वैद्यांचे नाव ठाऊक नसते, इमारत उलटी बांधली गेली म्हणून वास्तुशिल्पज्ञाने जीव दिला, ही खोटी कथा मात्र प्रत्येकाला पाठ!) पॅरिसच्या लेखक-कलावंतांनी १८८७ साली आयफेल मनोऱ्याविरुद्ध जाहीर निषेध केला होता, आज त्याच्यावाचून पॅरिसचे चित्र पुरे होत नाही. अर्थात प्रत्येक कुरूप मनोऱ्याचा पुढे आयफेल होतो असे थोडेच आहे? म्हणून काळावर हवाला टाकणारा हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो.

मला अडवते ते दुसरेच. नोव्हेंबर २००८ मध्ये त्या घुमटाभोवती ज्वाळा उठल्या तेव्हा सारी मुंबई टीव्हीपुढे डोळे पुसत होती. जुनी इमारत पुरती उघडायला १५ ऑगस्ट २०१० उजाडला. पण महिन्याभरात, २१ डिसेंबर २००८ रोजी, दिवे लावून पाहुण्यांना पुन्हा आत घेतले ते या मनोऱ्याने. त्या संध्याकाळी त्याच्या रूपाची चर्चा कोणी केल्याचे मला आठवत नाही.

आपल्या घरात आजोबांची तसबीर भिंतीवर असते: पगडी, उपरणे, भरघोस मिशा. वडिलांचा मोठ्या कॉलरचा, बेलबॉटममधला फोटो मात्र अल्बमच्या मागच्या पानात, मुलांनी हसू नये म्हणून. शहरांचेही असेच आहे. मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींना माझ्या लहानपणी आमच्याकडे नुसत्या जुन्या इमारती म्हणत. २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत त्या गेल्या, म्हणजे आजोबा झाल्या. आमच्या शेजारचे, जुहूचे १९६२ सालचे 'सन अँड सँड' आणि हा ताजचा मनोरा अजून बापाच्या वयात आहेत. जग कसे असावे असे त्या पिढीला वाटत होते, ते तिने काँक्रीटमध्ये लिहून ठेवले. अक्षर वाईट असेल. पण ती पाने फाडली तर आजोबांच्या मागोमाग एकदम आपणच, असा विचित्र वंशवृक्ष उरेल.

हे सारे गेटवेवर उभे राहून म्हणणे सोपे आहे. मी राहतो ती वर्सोव्याची चारमजली इमारतही त्याच पिढीची. तिला जाळीदार विटांचा जिना आहे, दुपारी त्यातून कवडसे पडतात, आणि खारी हवा लागून स्लॅबमधले लोखंड बाहेर आले आहे. आईचे गुडघे गेले असून तिसऱ्या मजल्यावरून ती दोन महिन्यांत खाली उतरलेली नाही. तिला मी कवडशांचे कौतुक कोणत्या तोंडाने सांगू? भाऊबीजेनंतरच्या रविवारी पुनर्विकासासाठी सोसायटीची सभा आहे. संमतीचा कागद टेबलावर पडून आहे. सही करण्याआधी लिफ्ट नक्की कोणत्या बाजूला येणार तेवढे विचारून घे, असे आईने मला दोनदा बजावले आहे.