स्मरणरंजन आणि स्मरण

मनुष्याला आपले बालपण परत मिळत नाही. परंतु बालपणाच्या वस्तू परत मिळवण्याची त्याची धडपड कधी थांबत नाही. कोणी जुन्या गाण्यांच्या तबकड्या जमवतो, कोणी पाडलेल्या घराच्या दाराची कडी जपून ठेवतो. गेल्या काही वर्षांत या धडपडीला एक नवे क्षेत्र लाभले आहे, ते म्हणजे व्हिडिओ गेमचे. हा विषय धर्मगुरूच्या लेखणीला शोभणारा नाही, असे काही वाचकांना वाटेल. तथापि संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात खेळाचा गांभीर्याने विचार केलेला आहे. थकलेल्या शरीराला जशी विश्रांती हवी तशी थकलेल्या मनालाही हवी आणि ती खेळातून मिळते. म्हणून प्रमाणात खेळणे हा दोष नसून सद्गुणच आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. खेळ ही जर नैतिक जीवनातली बाब असेल, तर जुन्या खेळाला पुन्हा प्राण देणे हीदेखील नैतिक विचाराची बाब ठरते.

ज्या खेळांविषयी येथे लिहीत आहे त्यांचा प्रकार प्रथम सांगितला पाहिजे. खेळणारा एका विस्तीर्ण काल्पनिक मुलखात उतरतो. तेथे डोंगर, किल्ले, बर्फ, दलदल असे सारे असते. उड्या मारीत, चढत, पोहत तो हिंडतो आणि जागोजागी दडवलेल्या वस्तू गोळा करतो. १९९६ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने काढलेल्या ‘सुपर मारिओ ६४’ने या प्रकाराचा पाया घातला. त्यात १२० तारे दडवलेले होते. परंतु ७० तारे मिळाले की शेवटचे दार उघडत असे. उरलेले ५० ज्याच्या त्याच्या हौसेवर सोडलेले होते. १९९८ साली इंग्लंडमधल्या रेअर या संस्थेने ‘बँजो-काझूई’ हा खेळ काढला. एक अस्वल आणि त्याच्या पाठपिशवीत बसलेला पक्षी चेटकिणीने पळवलेल्या बहिणीच्या शोधात निघतात, अशी त्याची कथा. वाटेत त्यांनी चित्रकोड्याचे १०० तुकडे आणि संगीताचे ९०० स्वर गोळा करायचे असत.

यशाला हाव चिकटण्यास वेळ लागत नाही. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, त्याच संस्थेने ‘डाँकी काँग ६४’ आणला. त्यात पाच माकडे आणि प्रत्येकाच्या रंगाची केळी वेगळी. एकाच्या रंगाचे केळे दुसऱ्याला उचलता येत नसे. एकेका मुलखात ५०० केळी, असे सात मुलूख. म्हणजे नुसती रंगीत केळीच ३,५०० झाली. तीच वाट पाचही माकडांना घेऊन पुन्हा पुन्हा तुडवावी लागे. शोधाचा आनंद हळूहळू हिशेबाच्या शिणात बदलला. पुढच्या दशकात लोकांची रुची पालटली आणि हा प्रकार मागे पडला.

परंतु १९९८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज चाळिशीच्या उंबरठ्यावर उभे आहे. त्याच्या हाती पैसा आहे आणि मनात हुरहुर आहे. २०१५ साली रेअरमधून बाहेर पडलेल्या काही मंडळींनी प्लेटॉनिक या नव्या संस्थेतर्फे ‘यूका-लेली’ नावाच्या खेळाची घोषणा केली आणि लोकांकडे आगाऊ वर्गणी मागितली. मागणी होती १ लाख ७५ हजार पौंडांची. जमले २० लाखांहून अधिक. जो खेळ अजून तयारही झालेला नव्हता, त्यासाठी लोकांनी एवढे धन दिले. खरे पाहता त्यांनी ते आपल्या आठवणीसाठी दिले होते. २०१७ साली खेळ बाजारात आला तेव्हा कौतुकाबरोबर निराशेचाही सूर उमटला. जुन्या खेळांतले दृश्य जसे भिंतीला अडखळून भलतीकडे वळे, तसेच येथेही वळत होते. जुन्या खेळांतला रेंगाळणारा रिकामेपणाही तसाच होता. मागितले ते मिळाले होते आणि तरीही ते हवे ते नव्हते! अखेर त्याच मंडळींनी तोच खेळ नव्याने घडवून २०२५ साली पुन्हा प्रसिद्ध केला.

ही निराशा मला विचार करण्याजोगी वाटते. पूर्वदिवसांच्या ओढीला मराठीत आपण ‘स्मरणरंजन’ असा गोड शब्द योजतो. युरोपात या भावनेला मिळालेले नाव मात्र रोगाचे होते. १६८८ साली योहानेस होफर या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने बाझल येथील आपल्या प्रबंधात ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. मायभूमीपासून दूर गेलेल्या माणसांना झुरवणाऱ्या व्याधीचे ते नाव होते. त्यावरचे खरे औषध म्हणजे घरी परत जाणे. आज ही ओढ देशाची कमी आणि काळाची अधिक झाली आहे. देशात परत जाता येते. काळात परत जाणारी वाट नाही. म्हणूनच ती वाट विकणाऱ्यांचे फावते.

पवित्र शास्त्राला ही ओढ चांगली ठाऊक आहे. गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात इस्राएल लोक अरण्यात रडतात. त्यांना मिसर देशातली काकडी, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवतात. आठवत नाहीत ते विटांचे घाणे आणि मुकादमांचे चाबूक. त्यांची स्मृती खोटे बोलत नाही, कारण काकडी खरोखरच होती. ती अर्धे सांगते एवढेच. उपदेशक ग्रंथाचा कर्ताही बजावतो की, पूर्वीचे दिवस आजच्यापेक्षा चांगले का होते, हा प्रश्न शहाणपणातून उपजत नाही. जुन्या खेळाची आठवण काढणाऱ्याला संगीत आठवते, बर्फाच्छादित शिखर आठवते; तासाभराचे कष्ट एका चुकीच्या उडीने मातीमोल होत, ते आठवत नाही. आठवणीत त्या दीर्घ दुपारीही असतात, शेजारी बसलेला भाऊ असतो, आतून जेवायला हाक मारणारी आई असते. यांपैकी काहीच कोणत्याही कंपनीला विकता येणार नाही.

मग जुन्याचे पुनरुज्जीवन करूच नये काय? असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. दोन उदाहरणे पाहू.

पहिले ‘बँजो-काझूई’चेच. मूळ खेळात एखाद्या मुलखात जमवलेले स्वर, तेथे मरण आले किंवा तेथून बाहेर पडले की पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसत. सर्वोच्च संख्येची तेवढी नोंद राही. ९५ स्वर मिळवून घसरणाऱ्याला शंभर गाठण्यासाठी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. २००८ साली हा खेळ मायक्रोसॉफ्टच्या नव्या यंत्रावर आला तेव्हा एकदा मिळालेला स्वर कायमचा मिळू लागला. काही जुने खेळाडू म्हणतील, यात कस उरला नाही. मला वाटते, यात कस्पट गेले, कस राहिला. स्वर अजूनही शोधावाच लागतो, अवघड कड्यावर अजूनही चढावेच लागते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९९८ सालच्या ‘स्पायरो’ या खेळात एक छोटा ड्रॅगन स्फटिकात गोठवल्या गेलेल्या आपल्या ८० वडीलधाऱ्या ड्रॅगनांना मुक्त करतो. त्या काळच्या यंत्राची शक्ती तोकडी असल्यामुळे त्यांना मोजकेच चेहरे वाटून दिलेले होते. २०१८ साली टॉईज फॉर बॉब या अमेरिकन संस्थेने हा खेळ पुन्हा उभा केला तेव्हा जुन्या खेळातूनच मुलखांची मापे वाचून घेतली आणि रचना इमानाने जपली. मात्र त्या ८० जणांना त्यांनी ८० वेगळी रूपे दिली. हवे त्याला जुने संगीत ऐकण्याची सोयही ठेवली. मूळ कलावंतांना जे करावेसे वाटले तरी करता आले नसते, ते नव्यांनी पूर्ण केले. मुक्त होणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचा चेहरा असावा, ही गोष्ट मेंढरांना नावाने हाक मारणाऱ्या मेंढपाळाच्या शिष्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

यातून एक कसोटी हाती येते. वाटेतला काटा काढावा. चढण काढू नये. आजच्या अनेक खेळांत नकाशावर प्रत्येक वस्तूची खूण असते आणि बाण तिच्याकडे बोट दाखवतो. वेळेची चणचण असलेल्या प्रौढाला ते सोयीचे वाटते. परंतु लूकच्या शुभवर्तमानातील ती स्त्री आठवा. एक नाणे हरवले म्हणून ती दिवा लावते, घर झाडते, कोपरे धुंडाळते आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करते. पहिल्याच क्षणी कोणी बाण दाखवला असता तर तिला नाणे मिळाले असते. शेजारणींना बोलावण्याजोगा आनंद मिळाला नसता. शोधणे नाहीसे झाले की केवळ उचलणे उरते. आणि केवळ उचलत राहण्याला अंत नसतो.

गोळा करण्याचीही एक नीती आहे. अरण्यात मान्ना पडला तेव्हा प्रत्येकाने गरजेपुरताच गोळा करायचा होता. उद्यासाठी साठवला त्याच्या मान्न्यात किडे पडले. परंतु भाकरींच्या चमत्कारानंतर प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून, आणि बारा टोपल्या भरल्या. कृती तीच, वृत्ती भिन्न. एक गोळा करतो भीतीने किंवा हावेने, दुसरा कृतज्ञतेने. ३,५०० केळ्यांचा हिशेब पुरा करण्यासाठी जागलेली रात्र पहिल्या प्रकारात मोडते. एखादा विसरलेला कोपरा कुतूहलाने पाहण्यासाठी मागे वळणे दुसऱ्या प्रकारात. १२० पैकी ७० ताऱ्यांवर दार उघडणाऱ्याला ही गोष्ट कळली होती. सक्ती कोठे संपावी आणि आनंदाला कोठे मोकळे सोडावे, हे त्याने जाणले.

हा प्रश्न केवळ खेळांचा नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. आपली ख्रिस्तसभाही वारसा सांभाळणारी संस्था आहे. १९६३ सालच्या उपासनाविषयक घोषणापत्रात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हाच विवेक केला. उपासनेत देवदत्त आणि म्हणून अपरिवर्तनीय असा भाग आहे; त्याचबरोबर काळानुसार बदलू शकणारा आणि प्रसंगी बदललाच पाहिजे असा भागही आहे. जुने चर्च दुरुस्त करताना, जुनी गीते नव्या पुस्तकात घेताना, सणाची रीत पुढे नेताना प्रत्येक धर्मग्रामात हाच वाद उभा राहतो. एक पक्ष म्हणतो, होते तसेच हवे. दुसरा म्हणतो, सारे नवे करा. दोघेही बहुधा स्वतःसाठीच बोलत असतात.

वल्हांडणाचा विधी सांगताना निर्गम ग्रंथ मात्र तिसऱ्याच व्यक्तीचा विचार करतो. तो म्हणतो, तुमची मुले विचारतील की या विधीचा अर्थ काय. तेव्हा त्यांना सांगा. ज्याने मिसर पाहिला नाही, समुद्र ओलांडला नाही, त्या मुलासाठी हे स्मरण आहे. स्मरणरंजन आणि स्मरण यांतला भेद मला येथे दिसतो. स्मरणरंजन माणसाला त्याच्याच भूतकाळात नेऊन बसवते आणि मागून दार लावून घेते. स्मरण दार उघडून पुढच्या पिढीला आत बोलावते. ज्या पुनरुज्जीवित खेळात केवळ जुन्यांना डोळे मिचकावलेले असतात, तो त्या जुन्यांबरोबरच संपेल. ज्याला काहीच ठाऊक नाही अशा मुलालाही ज्या कड्यावर चढावेसे वाटेल, तो खेळ खरोखर जिवंत झाला.

म्हणून जे आईबाप आपल्या लहानपणचा खेळ आज पुन्हा विकत आणतात, त्यांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. त्यांनी एवढेच करावे. खेळाचे साधन मुलाच्या हाती द्यावे आणि शेजारी बसावे. दडलेली जागा ठाऊक असली तरी सांगू नये. मूल भलत्या वाटेने जाईल, पडेल, कंटाळेल, पुन्हा उठेल. ‘आमच्या वेळी हे असे नव्हते’ हे वाक्य ओठावर आले तरी गिळावे. त्या मुलाला एखादी वस्तू आपण होऊन सापडेल आणि ते उजळलेल्या चेहऱ्याने वळून पाहील, तेव्हा पाहायला कोणीतरी शेजारी असले पाहिजे.