लीला आणि लहर

कारणावाचून उठणाऱ्या आणि क्षणात पालटणाऱ्या इच्छेला इंग्रजीत ‘कॅप्रिस’ म्हणतात. माणसाविषयी वापरला तर हा शब्द केवळ स्वभावदोष सांगतो, परंतु ईश्वराला लावला की जुनाच एक अवघड प्रश्न उभा राहतो, तो असा की, ज्याला काहीच मिळवायचे उरलेले नाही त्याने जग निर्माण करावेच कशाला? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात याचे उत्तर ‘लीला’, म्हणजे प्रयोजनावाचून सहज घडणारी क्रीडा, असे दिले असून, शंकराचार्य भाष्यात श्वासोच्छ्वासाचा दाखला देतात, कारण तो हेतू धरून नव्हे, तर स्वभावानेच चालतो. मात्र एवढ्याने भागत नाही. एकाच्या वाट्याला सुख आणि दुसऱ्याच्या वाट्याला दुःख येते, तेव्हा ‘वैषम्य’ म्हणजे पक्षपात आणि ‘नैर्घृण्य’ म्हणजे निर्दयता, हे आरोप उरतातच. ईश्वराला त्यांतून सोडवते ती लीला नव्हे, तर कर्म: पाऊस सर्वत्र सारखाच पडतो, पण भात उगवणार की जव, हे बीजावर ठरते. मग पहिले कर्म आले कोठून, या शंकेवर संसार अनादि असल्याचे उत्तर मिळते. ते तर्काला धरून आहे खरे, पण शंका मिटवण्यापेक्षा ती मागे ढकलते, असेच म्हणावे लागेल.