पायताणाची घडणावळ

आमच्या घरातली सगळ्यात जास्त वापरातली वस्तू उंबऱ्याबाहेर असते. दुधाला, देवळाला, बाजाराला जाताना दिवसातून दहा वेळा पायात चढते आणि घरी आल्यावर तिच्याकडं कुणी बघतही नाही. कोल्हापुरात आम्ही तिला पायताण म्हणतो. तीन वर्षांपूर्वी सुभाषनगरातल्या एका कारागिराकडून मी असा एक जोड चोवीसशे रुपयांना घेतला. येताना बाजारात दिसायला जवळपास तसाच जोड साडेतीनशेला टांगलेला होता. घरी आईनं किंमत ऐकली आणि म्हणाली, "एवढं? पायातच घालायचं न्हवं?"

प्रश्न रास्त होता, म्हणून हिशेबाला बसलो. पावसाळ्याचे चार महिने चामड्याचं पायताण घालायचं नाही, हा इथला रिवाज. उरले वर्षाचे दोनशे चाळीस दिवस. साडेतीनशेचा रेक्झिनचा चिकटवलेला जोड एवढाच काळ टिकला तरी रोजचा दीड रुपया पडतो. चोवीसशेचा जोड पाच वर्षं चालला, तरी रोजचे दोन. महाग घेतलं की टिकतं आणि शेवटी स्वस्तच पडतं, अशी मी माझी समजूत घालून ठेवली होती. कागदावर ती टिकली नाही. महाग ते महागच पडलं.

मग जास्तीचे पैसे गेले कुठं? पुढच्या खेपेला त्या कारागिराकडं नुसता बसलो. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या पुढ्यातलं म्हशीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेलं. त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. रसायन घालून हेच काम दिवसा-दोन दिवसांत उरकतं, पण ते कातडं पायाचा घाम असा शोषून घेत नाही. मामा तळ कापतात, थरावर थर ठेवून ठोकतात, कडेनं चामड्याच्याच वादीनं शिवतात. खिळा कुठंच नाही. पट्ट्यावरची वेणी घरातल्या बायका घालतात. मामी बोलता बोलता बारीक पट्ट्या एकमेकींत ओवत होत्या, नजर हातावर नव्हतीच. एका जोडाला मामांचे दोन दिवस, मामींचा अर्धा. कातड्याचे पैसे वजा केले तर चोवीसशेतले निम्मे उरतात. त्याला अडीच दिवसांनी भागलं, तर गवंड्याच्या रोजापेक्षा कमी. आणि मी तर थेट त्यांच्याकडून घेतलं होतं. मध्ये दुकान आलं की हा आकडा आणखी खाली जातो.

तेव्हापासून गुजरीतून, म्हणजे इथल्या सराफ बाजारातून जाताना मला एक गोष्ट खुपते. सोनाराच्या पेढीवर बिलात सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी लिहिलेली असते. ती थोडी कमी करा म्हणून आपण विनवतो, पण घडवणाऱ्या हाताला मोल आहे, हे आपण धरूनच चालतो. तिथून चालत चप्पल लाईनीत आलो की तीच माणसं म्हणतात, "साध्या चपलेला एवढं?" सोन्याचा दागिना वर्षातून चार वेळा अंगावर चढतो. पायताण रोज आपलं सगळं वजन पेलतं, आणि त्याच्या घडणावळीचा रकाना आपल्या मनातही नसतो. या भेदात जातीचा मोठा वाटा आहे. चामड्याला हात लावणाऱ्याचं काम हलकं ठरवून आपण त्याची मजुरीही हलकी ठरवली, आणि ती सवय अजून आपल्या घासाघिशीत शिल्लक आहे.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. नाव राखलं गेलं, ते हवंच होतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं तशीच चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नावही न घेता. इथं संताप उसळला, मलाही राग आला. पुढं कंपनीनं प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं, आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. इथंच बनवून घ्यायच्या त्या जोडाची किंमत सुमारे ८०० युरो सांगितली गेली, म्हणजे ऐंशी हजारांच्या वर. संतापाच्या त्या दिवसांत आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या तोंडी कारागिरांवरच्या अन्यायाचीच भाषा होती. पण त्याच काळात मी मामांच्या दारात एकाला दीडशे रुपयांसाठी अर्धा तास अडून बसलेलं पाहिलं.

किंमत मोजली म्हणजे काम संपलं असंही नाही, हे मी नुकसान सोसून शिकलो. पहिल्या वर्षी जोड फार महागाचा वाटून लग्नकार्यासाठी कपाटात ठेवला. दिवाळीत काढला तेव्हा कातडं लाकडासारखं ताठरलेलं, वेणीवर पांढरी बुरशी. मामांनी तो हातात घेतला आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "ह्ये कपाटात ठेवायचं न्हाई. पायात असलं तरच जगतंय. चार दिवस चावंल, मग तुमचं माप घेतंय." त्यांनी एरंडेल चोळून तो सावलीत ठेवायला सांगितलं. महिनाभरानं माझ्या टाचेचा, अंगठ्याचा ठसा तळावर उमटला. आता मृगाआधी तेल देऊन वर्तमानपत्रात गुंडाळतो, पाऊस सरला की काढतो. साडेतीनशेच्या जोडासाठी हे मी केलं नसतं.

गेल्या पाडव्यानंतर जोडाचा अंगठा निसटला. मामांनी जोड उलटा करून शिवण बघितली, बसल्या जागी नवी वादी ओढून दिली. आईसाठीही एक जोड सांगितला. भाव वाढला होता, सत्तावीसशे. मी म्हटलं, "मामा, चिठ्ठीवर वेगवेगळं लिहा. कातड्याचे किती, घडणावळ किती."

त्यांना आधी कळेना. मग पेन घेतलं. कातड्याचा आकडा लगेच लिहिला. दुसऱ्या आकड्यापाशी हात थांबला. त्यांनी मामींकडं बघितलं. मामींची वेणीही पहिल्यांदाच थांबली होती.