रूप पालटलें म्हणजे वस्तु पालटली काय?

थंडीच्या दिवसांत तूप थिजतें आणि चुलीजवळ ठेवलें असतां पुनः पातळ होतें. त्यास कोणी निराळा पदार्थ म्हणत नाहीं. पण दुधास विरजण लाविलें असतां दुधांतील साखरेचें आम्ल बनतें, आणि त्या दह्याचें दूध पुनः कोणासहि करितां येत नाहीं. पहिल्या बदलास भौतिक म्हणतात. त्यांत केवळ रूप पालटतें. दुसऱ्यास रासायनिक म्हणतात; त्यांत नवें द्रव्य उत्पन्न होतें.

यावरून पुष्कळ लोक असा नियम बांधितात कीं, जें परत मिळतें तें भौतिक, व जें मिळत नाहीं तें रासायनिक. हा नियम सोपा आहे खरा, पण तो टिकतो काय? जात्यांतील पिठाचे दाणे पुनः होत नाहींत. तरी पीठ म्हणजे बारीक झालेला जोंधळाच. उलटपक्षीं चुन्याकडे पाहा. चुनखडी भट्टींत सुमारें 900 अंश सेल्सियस उष्णतेनें भाजली म्हणजे कर्बाम्लवायु निघून जातो व कळीचा चुना राहतो. शुद्ध चुनखडीच्या 100 भागांतून चुना 56 भाग उरतो; 44 भाग वायुरूपानें जातात. ही वजनाची तूट अशा वायूमुळें पडते, हें स्कॉटलंडांतील जोसेफ ब्लॅक यांनीं 1756 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तराजू लावून दाखविलें. त्या चुन्यावर पाणी ओतलें कीं तो तापतो, फुगतो व फुटतो. पुढें भिंतीस लाविल्यावर तो हवेंतून तोच वायु हळूहळू परत घेतो आणि पुनः चुनखडीचेंच द्रव्य बनतो. तीन वेळां द्रव्य पालटलें, आणि शेवटीं मूळचेंच हातीं आलें!

तर मग खरी खूण कोणती? रंग, उष्णता, बुडबुडे या सूचना होत, निकाल नव्हेत. पाणी उकळतांना बुडबुडे येतात, तरी वाफ ही पाणीच. लोखंड तापून लाल होतें, तरी तें लोखंडच. परंतु ओलींत पडून जो गंज चढतो, त्यांत लोखंडाशीं प्राणवायु जोडला गेलेला असतो. म्हणून एकच प्रश्न विचारावा: आतां येथें जें आहे, तें कोणतें द्रव्य? तथापि कांहीं ठिकाणीं सीमा पुसट असते. मीठ पाण्यांत विरघळणें कोणत्या वर्गांत घालावें, याविषयीं जाणत्यांतहि मतभेद आहे.

हा केवळ शब्दांचा वाद आहे असें कोणी समजूं नये. चुनखडीचा खडा व कळीचा चुना हे दिसण्यांत जवळजवळ सारखेच. एक मुलाच्या हातीं खुशाल द्यावा. दुसरा ओल्या डोळ्यांत गेला तर दृष्टि जाण्याचें भय. “दिसतो तर तसाच” असें म्हणून जो चौकशी टाळितो, तो अज्ञानीच राहतो असें नव्हे. तो शेजाऱ्याच्या लेंकरास धोक्यांत घालितो.

मनुष्याविषयीं हा दाखला जपून वापरावा, कारण मनुष्य म्हणजे भट्टींतील खडा नव्हे. तरी एक कर्तव्य दोन्हीकडे सारखेंच आहे. कोणी पालटला किंवा पालटला नाहीं, हें त्याच्या रूपावरून ठरवूं नये. त्याच्या गुणांची सावकाश परीक्षा करावी, आणि ती होईपर्यंत निकाल राखून ठेवावा.