सही आईची, रक्त मुलाचं

मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीपाशी संपते, पुण्याची लोणावळ्यापासून सुटते. खंडाळा या दोहोंच्या मधे, घाटमाथ्यावर. पावसाळ्यात धबधबे बघायला येणाऱ्यांना याचं काही वाटत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या आईवडिलांना मात्र हा नकाशा पाठ असतो. गुणसूत्रांची तपासणी, हृदयाचा इको, थायरॉइड, कान, डोळे, प्रत्येकासाठी निघायचं म्हणजे एक दिवसाचा रोज बुडवायचा. अशा घराला कुणी ‘संशोधनात सहभागी व्हा’ म्हणालं, तर तिथे विज्ञानाआधी गाडीभाड्याचा हिशेब होतो. आणि मग दुसरा, जास्त अवघड प्रश्न येतो: हो कुणी म्हणायचं?

आजवर तो मुलाला विचारण्याची पद्धतच नव्हती. जॉन लँग्डन डाउन यांनी 1866 साली या लक्षणांचं वर्णन केलं आणि 1959 साली पॅरिसच्या संशोधकांनी 47व्या गुणसूत्राचा शोध जाहीर केला. त्या शोधाचं श्रेय जेरोम लज्यन यांचं की पेशी वाढवणाऱ्या मार्थ गोतिए यांचं, हा वाद पुढे अनेक वर्षं चालला. ज्या मुलांच्या शरीरातून त्या पेशी आल्या, ती या वादात कुठेच नव्हती. भारतात मुंबई, दिल्ली आणि बडोद्यातल्या 94,610 जन्मांची पाहणी 1998 साली प्रसिद्ध झाली. तीत साधारण 1,150 जन्मांमागे एक बाळ डाउन सिंड्रोमचं आढळलं. तिथे बाळांना फक्त मोजायचं होतं. पण बाळं मोठी होतात.

विकसित देशांत डाउन सिंड्रोमची माणसं आता साठीपर्यंत जगतात, आणि तिथे एक नवं संकट उभं असतं. अल्झायमरशी जोडलेल्या अमायलॉइड प्रथिनाचं जनुक 21व्या गुणसूत्रावरच असतं. डाउन सिंड्रोममधलं 47वं गुणसूत्र म्हणजे याचीच तिसरी प्रत; ती बाळगणाऱ्यांच्या मेंदूत अमायलॉइड तरुणपणापासूनच साठू लागतं. साठीपर्यंत निम्म्याहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश गाठतो. म्हणजे या आजाराची सर्वाधिक जोखीम ज्यांना, त्यांच्यावर औषध आधी तपासायला हवं. झालं उलटं. लेकानेमॅबसारखी अल्झायमरवरची औषधं ज्या मोठ्या चाचण्यांच्या जोरावर मंजूर झाली, त्यांत डाउन सिंड्रोमची माणसं घेतलेलीच नव्हती. ‘त्यांना समजणार नाही, त्यांना जपायला हवं’ असं म्हणून दार बंद करणं सोपं असतं. अशा जपण्यातून आजाराचं उत्तर मात्र मिळत नाही.

तरीही हे जपणं उगाच आलेलं नाही. न्यूयॉर्कच्या विलोब्रूक संस्थेत 1950च्या दशकापासून बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना मुद्दाम काविळीचा संसर्ग देऊन प्रयोग झाले, आणि पालकांच्या सह्या घेतलेल्या होत्या, ही त्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट. फार लांब जायला नको. फेब्रुवारी 1994मध्ये याच पुणे जिल्ह्यात, शिरूरच्या संस्थेतल्या मतिमंद मुली आणि स्त्रियांचे गर्भाशय ससून रुग्णालयात काढण्यात आले. कारण दिलं गेलं मासिक पाळीतल्या स्वच्छतेचं. ते संशोधन नव्हतं, हे खरं. पण ‘तिला काय कळतंय’ हा विचार दोन्हीकडे तोच. देशभर गदारोळ झाला, तोही शस्त्रक्रिया सुरू झाल्यानंतर.

या पार्श्वभूमीवर 2016च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचं सहावं कलम वाचण्यासारखं आहे. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिची स्वतःची मुक्त, माहितीपूर्ण संमती हवी, आणि तीही तिला झेपेल अशा संवादमार्गानं घेतलेली. शिवाय एका समितीची पूर्वपरवानगी हवी, जिचे किमान निम्मे सदस्य दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे असतील. मुलगा अठराचा झाला की आईवडिलांची सही कायद्यानं आपोआप पुरत नाही. पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. किती घरांना हे ठाऊक आहे? आणि किती संशोधकांना?

झेपेल असा मार्ग म्हणजे इंग्रजी अर्जाचं शाळकरी मराठी भाषांतर नव्हे. सुईचं चित्र दाखवायचं. ‘टोचलं की दुखेल’ असं साधं सांगायचं. ‘नको म्हणालास तरी कुणी रागावणार नाही’ हे दोनदा सांगायचं, कारण समोरच्याला खूश करण्यासाठी पटकन ‘हो’ म्हणण्याची सवय यांच्यातल्या अनेकांना असते. मग तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी उलटा विचारून बघायचा. यात वेळ जातो, आणि वेळ जातो म्हणूनच बहुधा आईकडे पेन सरकवलं जातं.

हा वेळ द्यायला जागा फार लांब शोधायला नको. जय वकील यांनी 1944 साली आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या लेकीसाठी मुंबईत शाळा काढली, कारण तिला कुठे जागाच नव्हती. त्या संस्थेचं एक केंद्र आज मावळातच, तळेगावात आहे. वैद्यकीय महाविद्यालयही तळेगावातच. लोणावळ्याहून लोकलनं मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, मग तळेगाव. संशोधकांनी रक्ताची कुपी नेण्याआधी या तळेगावात येऊन बसावं, त्याच दिवशी थायरॉइड आणि कान तपासून निकाल घरी द्यावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 2017ची मार्गदर्शक तत्त्वं प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून द्यायला परवानगी देतात. ती रक्कम प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच पानावर लिहायला हरकत नसावी.